जुना लॅपटॉप आणि तुटणारा आवाज: बिघाड फाईलमध्ये की मशीनमध्ये?

पेट पास झालेले आणि सिनॉप्सिस लिहायला बसलेले बरेच विद्यार्थी ओव्या, भजनं, गोंधळ किंवा आपल्या भागातल्या बोलीचे उच्चार असा विषय घेतात. त्यांचा मेसेज साधारण ठरलेला असतो: ‘दादा, लॅपटॉप जुना आहे. ऑडॅसिटीमध्ये रेकॉर्डिंग लावलं की आवाज तुटतो, मधेच टक-टक येतं. नवा घ्यावाच लागेल का?’

वसमतसारख्या गावात हा प्रश्न खर्चाचाच असतो. फेलोशिप अजून लागलेली नाही, लॅपटॉप मोठ्या भावाच्या डिप्लोमाच्या वेळचा, रॅम चार जीबी, आत फिरती हार्ड डिस्क. विद्यापीठ नांदेडला, म्हणजे साधारण चाळीस किलोमीटर. तेव्हा ‘नवा घे’ हे उत्तर मी शक्यतो देत नाही. आधी एवढंच विचारतो: आवाज फाईलमध्ये तुटलाय की ऐकताना तुटतोय?

या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ऐकताना तुटत असेल तर तो त्रास आहे, नुकसान नाही. तीच फाईल दुसऱ्या मशीनवर नीट वाजेल. पण रेकॉर्ड होतानाच तुटला असेल तर तुमचा डेटाच फाटलेला आहे. ऐंशी वर्षांच्या आजीने जात्यावर बसून म्हटलेली ओवी पुन्हा तशीच मिळेल याची खात्री कोण देणार?

ओळखायचं कसं? अगदी सोपं आहे. टक-टक कोणत्या सेकंदाला येतं ते लिहून ठेवा आणि तोच भाग तीन वेळा वाजवा. तिन्ही वेळा त्याच सेकंदाला आलं तर खोट फाईलमध्ये आहे. दर वेळी जागा बदलली तर खोट वाजवणाऱ्या मशीनमध्ये. शंका राहिलीच तर फाईल मोबाईलवर कॉपी करून चांगल्या वायरच्या इअरफोनने ऐका. नंतर ऑडॅसिटीमध्ये तो भाग खूप मोठा करून बघा. सलग चाललेली लाट अचानक सपाट रेघ झाली किंवा एकदम पायरीसारखी तुटली तर तिथले नमुने गळालेत. लाटेचे फक्त शेंडे कापल्यासारखे सपाट दिसत असतील तर तो वेगळा आजार: रेकॉर्डिंगची पातळी जास्त होती, त्यात जुन्या लॅपटॉपचा काही दोष नाही.

टाकी आणि नळ

आवाज तुटण्यामागचं मुख्य कारण समजायला घराच्या पाण्याचं उदाहरण घ्या. नळाला पाणी सलग नसतं, येतं-जातं. पण टाकीखालची तोटी सोडली की धार सलग लागते, कारण मधे टाकी आहे. कॉम्प्युटरमध्येही तसंच. प्रोसेसर आवाजाचे नमुने सलग पुरवत नाही. मधेच तो अँटिव्हायरसकडे बघतो, मधेच वाय-फायकडे. साउंड कार्डाला मात्र सेकंदाला ४४,१०० नमुने हवेतच, एकही उशिरा चालत नाही. म्हणून मधे एक टाकी असते, तिला बफर म्हणतात. प्रोसेसरला उशीर झाला आणि टाकी कोरडी पडली की स्पीकरमधून ‘टक’. रेकॉर्ड करताना उलटं होतं: टाकी वेळेत रिकामी झाली नाही की वरून वाहते, आणि वाहून गेलेले नमुने कायमचे गेले.

हिशोब करून बघा. २५६ नमुन्यांचा बफर म्हणजे ४४,१०० च्या दराने सुमारे ५.८ मिलिसेकंद. जुन्या प्रोसेसरला एवढ्या वेळात परत येणं जड जातं. २०४८ चा बफर ठेवला तर ४६ मिलिसेकंद मिळतात, तो आरामात पोचतो.

यूट्यूबवरचे बहुतेक व्हिडिओ इथेच तुम्हाला उलटा सल्ला देतात: बफर कमी करा, लेटन्सी कमी करा. तो सल्ला चुकीचा नाही, तो तुमच्यासाठी नाही. कीबोर्डवर बोट पडताच सूर ऐकू यावा ही गाणी बनवणाऱ्यांची गरज. मोठ्या टाकीत घातलेलं पाणी तोटीपर्यंत यायला वेळ लागतो, तो उशीर त्यांना परवडत नाही. तुम्ही आधी केलेलं रेकॉर्डिंग ऐकताय, मोजताय. सूर ५० मिलिसेकंद उशिरा निघाला तर तुमचं काय बिघडतं? म्हणून संशोधकाने बफर बिनधास्त वाढवावा. ऑडॅसिटीमध्ये प्रेफरन्सेसच्या ऑडिओ सेटिंगमध्ये बफरची लांबी मूळची १०० मिलिसेकंद असते. जुन्या मशीनवर २०० करून बघा. बरेचदा काम इथेच संपतं.

अपवाद एकच. सॉफ्टवेअरमधला मेट्रोनोम ऐकवून त्यावर कोणाला पखवाज वाजवायला लावणार असाल आणि लय मोजणार असाल, तर हा उशीर थेट तुमच्या आकड्यांत मिसळतो. तेव्हा ठोका आणि पखवाज दोन्ही एकाच रेकॉर्डरवर एकत्र घ्या आणि नंतर त्या दोघांतलंच अंतर मोजा.

बफर वाढवूनही तुटत असेल तर प्रोसेसरला कोण अडवतंय ते शोधायचं. विंडोजसाठी लेटन्सीमॉन नावाचा छोटा प्रोग्राम आहे, तो दहा मिनिटं चालू ठेवला की कोणता ड्रायव्हर वेळ खातोय ते नावानिशी दाखवतो. वाय-फायचा ड्रायव्हर हा नेहमीचा संशयित, म्हणून आधी वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद करून फरक पडतो का बघा. मग पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’वर ठेवा. बॅटरी वाचवण्यासाठी प्रोसेसर स्वतःचा वेग सारखा खाली-वर करत असतो, आवाजाला ते मानवत नाही.

आपल्याकडे आणखी एक कारण असतं, ते परदेशी लेखांत फारसं सापडत नाही: ऊन. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर, पत्र्याची खोली, लॅपटॉप गादीवर. प्रोसेसर तापला की जळू नये म्हणून आपणच वेग कमी करतो. ‘पहिली दहा-पंधरा मिनिटं नीट वाजतं, मग तुटायला लागतं’ असं कोणी सांगितलं की मी सेटिंग विचारतच नाही. पंखा साफ करा, खाली कडक फळी ठेवा, काम पहाटे करा. खर्च करायचाच असेल तर पहिले पैसे फिरत्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवण्यावर घाला, रॅम नंतर.

न तुटणारा आवाज जास्त धोकादायक

टक-टक निदान ऐकू तरी येते. मला खरी भीती वाटते ती गुपचूप बदलणाऱ्या आवाजाची.

समजा फील्डवर रेकॉर्डर ४८,००० च्या दराने चालला. घरी ऑडॅसिटीमध्ये ट्रॅकच्या मेनूतला ‘रेट’ कोणीतरी ४४,१०० केला, सगळं एकसारखं दिसावं म्हणून. हा पर्याय नमुने बदलत नाही, तेच नमुने हळू वाजवतो. दर खरोखर बदलायचा तर ‘रिसॅम्पल’ वापरावं लागतं. नुसता रेट बदलला की गाणं जवळजवळ दीड स्वर-अंतराने खाली येतं, नेमकं सांगायचं तर १४७ सेंट. उलट झालं तर तेवढंच वर. काळी एकमध्ये गाणारी बाई पांढरी दोन आणि काळी दोनच्या अधेमधे गाताना दिसेल. आवाज स्वच्छ, कुठे तुटलेला नाही, ऐकणाऱ्याला वाटेल बाईंचा गळाच असा आहे. आणि तुम्ही प्रबंधात लिहाल की या भागातल्या ओव्या अमुक पट्टीत म्हणतात! लयीचे आकडे तर सगळेच चुकतील, कारण ६० मिनिटांचं रेकॉर्डिंग उलट दिशेच्या चुकीत ५५ मिनिटं ७ सेकंदांत संपतं.

यावर उपाय फुकटचा आहे. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला मोबाईलच्या ट्यूनर अ‍ॅपवरून ४४० हर्ट्झचा सूर पाच सेकंद वाजवा. घरी आल्यावर प्राटमध्ये तो सूर मोजा. ४४० च्या आसपास आला तर ठीक. ४७९ किंवा ४०४ आला तर काय झालंय ते तुम्हाला आता माहीत आहे. प्राट हे अ‍ॅम्स्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बुर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी बनवलेलं मोफत सॉफ्टवेअर. दिसायला ओबडधोबड, पण चार जीबीच्या मशीनवरही चालतं.

दुसरी गुपचूप चूक विंडोज करतं. साउंडच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘एन्हान्समेंट्स’ असतात, त्यात माईकसाठी गोंगाट कमी करण्याचा पर्याय बऱ्याच लॅपटॉपवर आधीच चालू असतो. हे यंत्र गोंगाट ओळखतं कसं? जो आवाज सलग, एकसारखा चालतो तो गोंगाट, असं धरून. आता विचार करा, आपल्या संगीतात सलग एकसारखं काय चालतं? तानपुरा. एकतारी. जात्याची घरघर. माणसाचं बोलणं ठेवायचं म्हणून सॉफ्टवेअर नेमकं तेच खरवडून काढतं, आणि त्यासोबत गळ्याचे बारीक अंशही जातात. जात्याची घरघर मीटिंगसाठी कचरा असेल, पण ओवी कोणत्या गतीने फिरतेय हे तिच्यातूनच कळतं. म्हणून सगळी एन्हान्समेंट्स बंद. तिथेच ‘कम्युनिकेशन्स’ टॅबमध्ये कॉल आला की बाकी आवाज ८० टक्के कमी करण्याची सोय असते, तिथे ‘डू नथिंग’ निवडा. ब्लूटूथ हेडफोनचा माईक चालू झाला की ऐकू येणारा आवाजही टेलिफोनसारखा होतो, त्यामुळे तपासणी वायरच्या हेडफोननेच.

ओव्यांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सुरू केलेल्या प्रकल्पात महाराष्ट्रातल्या गावोगावच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या, त्यातल्या अनेक ‘पारी’च्या संकेतस्थळावर आल्या आहेत. नव्वदच्या दशकात त्यात बर्नार्ड बेल आले आणि ध्वनिमुद्रणाचं मोठं काम झालं. याच बेल यांनी त्याआधी, ऐंशीच्या दशकात, जिम किपेन यांच्यासोबत तबल्याच्या कायद्यांवर ‘बोल प्रोसेसर’ बनवला होता, तोही अ‍ॅपल टू कॉम्प्युटरवर, ज्याची मेमरी किलोबाइटमध्ये मोजायची. त्या मशीनने तबला वाजवून दाखवायची गरजच ठेवली नव्हती. ते बोल अक्षरांत मांडायचं, आणि हे बरोबर की चूक ते तबलजी सांगायचे. जड काम मशीनवर टाकलंच नाही. तुम्हीही तासभराची फाईल एकदम उघडण्याऐवजी दहा-दहा मिनिटांचे तुकडे करा, मूळ फाईलला हात न लावता.

राहिली घूं-घूं. चार्जर काढून बॅटरीवर चालवा. आवाज गेला तर दोष विजेच्या बाजूला आहे, अर्थिंग तपासा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे प्राटच्या चित्रात ५० आणि १०० ला आडव्या रेघा दिसतील. लाईट गेल्यावर स्वस्तातला स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर लागला की १५०, २५० अशा रेघा वाढतात, आणि त्या थेट गळ्याच्या पट्ट्यात घुसतात. रेकॉर्डिंग नेहमी बॅटरीवर करावं, यात मी तडजोड करत नाही.

हे सगळं करताना एका वेळी एकच सेटिंग बदला आणि वहीत लिहा: तारीख, काय बदललं, त्याच तीस सेकंदांवर काय ऐकू आलं. चार गोष्टी एकदम बदलून आवाज सुधारला तर कशाने सुधारला हे कधीच कळत नाही. या वहीतलीच पानं पुढे संशोधन पद्धतीच्या प्रकरणात जातात: सॉफ्टवेअरची आवृत्ती, नमुन्यांचा दर, बिट, कोणती एन्हान्समेंट्स बंद होती. व्हायव्हाला हे विचारलं जाऊ शकतं.

एवढं करूनही अडलं तर मला कळवा. सोबत तीस सेकंदांची डब्ल्यूएव्ही फाईल हवी, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणार असाल तर डॉक्युमेंट म्हणून. स्पीकरसमोर मोबाईल धरून केलेली व्हॉइस नोट नको, तिच्यात मला तुमच्या मोबाईलचाच आजार ऐकू येतो.