शिकारीची सायकल आणि आपला डोंगर

अमेरिकेत खास शिकारीसाठी म्हणून इलेक्ट्रिक माउंटन बाइक विकतात. चार इंच रुंदीचे टायर, साडेसातशे वॉट किंवा त्याहून मोठी मोटर, आणि मारलेलं हरीण ओढून आणायला मागे गाडा. शिकाऱ्याला ती आवडते, कारण इंजिनाचा आवाज नाही, पेट्रोलचा वास नाही. सावजाला चाहूलच लागत नाही. तसल्या सायकलींची चित्रं आता आपल्या मोबाइलवरही येतात, आणि इथे कोपरीतला एखादा तरुण विचारतो, येऊरला जायला अशीच घ्यावी का?

आम्ही तत्त्वज्ञानवाले अशा वेळी उलटा प्रश्न विचारतो : कशासाठी? साध्य ठरल्याशिवाय साधन निवडता येत नाही.

शिकार हे साध्य आपल्याकडे उरलेलंच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने, परवानगीचे ठरावीक अपवाद सोडले, तर शिकारीला बंदी घातली. आणि त्या कायद्यातली ‘शिकार’ म्हणजे नुसतं मारणं नव्हे. पकडणं, सापळा लावणं, आमिष दाखवणं, प्राण्याला हाकणं, पक्ष्यांची अंडी-घरटी बिघडवणं, एवढंच काय, यातल्या कशाचा प्रयत्न करणं, हे सगळं त्यात येतं. म्हणजे हातात बंदूक नसलेला सायकलस्वारही भेकराच्या मागे लागला, तर प्रकरण गंभीर होऊ शकतं.

मग उरतं काय? डोंगरात जाणं, पाहणं, ऐकणं. सालिम अलींची सुरुवात लहानपणी एअरगनने पाडलेल्या एका चिमणीपासून झाली. ही कोणती चिमणी, हे विचारायला ते मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले आणि पुढे आयुष्य पक्षी पाहण्यात गेलं. शिकाऱ्याची नजर, त्याचा धीर आणि पहाटे उठणं, हे सगळं बंदुकीशिवायही उपयोगी पडतं.

आता निवडीकडे येऊ. पहिली अट कायद्याची. मोटरची ताकद २५० वॉटपेक्षा कमी, पायडल थांबवलं की मोटर बंद, आणि ताशी २५ किलोमीटरला तिची मदत संपलेली; अशी सायकल आपल्याकडे मोटार वाहन धरली जात नाही. तिला ब्रेक आणि पुढे-मागे परावर्तक मात्र हवेत. साडेसातशे वॉटची आणली, की नोंदणी, विमा, लायसन्स सगळंच मागे लागतं. अपघात झाला तर हा फरक फार महाग पडतो.

दुसरी गोष्ट चढाची. काही सायकलींत मोटर चाकात असते, काहींत पायडलजवळ. पायडलजवळची मोटर सायकलचे गिअर वापरते, म्हणून कमी ताकदीतही चढ नीट काढते. पण ती महाग असते. चाकातली स्वस्त, सोपी, सपाट रस्त्याला ठीक.

तिसरी बॅटरी. इथे साधं गणित करू. माणूस, सायकल, सामान मिळून १०० किलो. २०० मीटर उंची चढायला लागते सुमारे ५४ वॉट-तास ऊर्जा. वाटेतला अपव्यय धरून दुप्पट समजा. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासाच्या बॅटरीत ३६० वॉट-तास असतात. शिवाय आपले पाय आहेतच! तेव्हा मोठ्या बॅटरीचं ओझं कशाला? ती काढून घरात चार्ज करता येते का, हे मात्र बघा. कोपरीतून येऊरला जायचं तर आधी रेल्वे ओलांडून पश्चिमेला यायचं. म्हणून मोटर बंद ठेवून सायकल ढकलून पाहा, दोन पायऱ्या उचलून पाहा. खाडीची दमट हवा आणि कोकणातला पाऊस लक्षात घेता साखळी नि जोड गंजणार. ते पुसायची सवय हवी. उतारासाठी डिस्क ब्रेक घ्या.

राहता राहिला आवाज. शिकाऱ्याला जो गुण वाटतो, तोच आपल्याला धोका आहे. येऊरच्या रानात बिबटे आहेत. वळणावर आपण बिनआवाज, वेगात पोचलो, तर त्याला बाजूला व्हायला वेळच मिळत नाही. म्हणून घंटी हवी आणि वळणावर वेग कमी.

होसे ओर्तेगा इ गासेत या स्पॅनिश तत्त्वज्ञाने शिकारीवर चिंतन लिहिलं आहे. त्याचा एक मुद्दा असा, की माणूस आपली वरचढ ताकद स्वतःहून आवरतो, प्राण्याला निसटायला वाव ठेवतो, म्हणून शिकार ही कत्तल होत नाही. बंदूक ठेवून दिलेल्या आपल्यालाही हा नियम लागू पडतो. राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय शिरायचं नाही, पायवाटेवर चाक घालायचं नाही, आणि जिथे डांबरी रस्ता संपतो तिथे सायकल लावून पुढे, वनखात्याची मुभा असेल तेवढंच, पायी जायचं. दुकानात मोटरची ताकद विचाराल, तेव्हा तिला आवर कुठे घालणार आहोत, हेही ठरवूनच पैसे मोजा.