तांदळाच्या दाण्याएवढा टाका

आत्याने हाताने शिवलेली गोधडी आमच्याकडे अजून वापरात आहे. कडेकडेने सुरू करून मध्यापर्यंत आलेला धावदोरा, एकेक टाका तांदळाच्या दाण्याएवढा. दोन वर्षांपूर्वी मी तशीच एक मशीनवर शिवायला घेतली. वर-खाली जुन्या साड्या, पोटात धोतर. टाक्याच्या लांबीचा खटका शेवटच्या खुणेपर्यंत नेला होता, तरी गोधडी पुठ्ठ्यासारखी ताठ झाली. धावदोऱ्यात एकच दोरा थर ओवत जातो आणि कापडाला हलायला जागा ठेवतो. मशीनची टीप दोन दोऱ्यांची असते. वरचा आणि बॉबिनचा दोरा प्रत्येक टाक्याला एकमेकांत अडकतात आणि थर आवळतात. टाके जितके आखूड, तितक्या जास्त ठिकाणी आवळ. चामड्यावर तर आखूड टाका घातकच ठरतो, कारण पोस्टाच्या तिकिटांच्या कडेसारखी भोकांची रांग पडते आणि ओढ बसली की चामडं तिथेच फाटतं.

टाका किती लांब पडणार हे सुईच्या हातात नसतं. ती जागच्या जागी वर-खाली होते. दोन टोच्यांच्या मध्ये कापड जेवढं सरकलं, तेवढा टाका. म्हणून शिवणयंत्राच्या इतिहासात मला सुईइतकंच कापड सरकवण्याच्या युक्तीचं महत्त्व वाटतं. एलायस हाउच्या १८४६च्या पेटंटातल्या यंत्रात कापड टाचण्यांच्या पट्टीवर उभं टांगावं लागे. पट्टी संपली की थांबायचं, कापड काढायचं, पुन्हा अडकवायचं. ॲलन विल्सन या अमेरिकन कारागिराने १८५४मध्ये चार चालींच्या दातांचं पेटंट घेतलं आणि ही अडचण मिटली. सुईखालचे दात वर येतात, कापड धरून पुढे नेतात, खाली बुडतात आणि रिकामेच मागे येतात. आपल्या घरातल्या काळ्या पायमशीनच्या पोटात आजही हीच चाल आहे. ही मशीन बहुतेक सिंगरच्या १५ नंबरच्या घडणीची. कोलकात्यात १९३०च्या दशकात सुरू झालेली उषा त्याच वळणाची, लुधियानाच्या कारखान्यांतून येणारी मशीनंही त्याच वळणाची. त्यामुळे एकीचा सुटा भाग बऱ्याचदा दुसरीला बसतो, आणि टाका लांबवण्यासारख्या खटपटी करायला धीर येतो.

माझी पहिली खटपट मात्र फसली. खटक्याची पुढची अडवणूक मी स्वतःच स्क्रू काढून मोकळी केली. टाका लांबला, पण चार वीतही शिवून झालं नव्हतं तोच खडखड सुरू झाली आणि एका दाताचं टोक उडालं. प्लेटमधल्या खाचा मूळच्या टाक्याच्या बेताने कापलेल्या असतात. जास्त चालायला लावलेले दात खाचेच्या भिंतीवर आदळत होते.

मग मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी आधी स्क्रू-ड्रायव्हर काढलाच नाही. "ताई, आधी मोजू," म्हणाले. दोरा न ओवता कागदावर शिवण मारली, अकरा भोकं म्हणजे दहा टाके, आणि वर पट्टी ठेवली. छत्तीस मिलिमीटर. मग मशीन मागे कलवून त्यांनी मला खालचे दोन दांडे दाखवले. एक दातांना उचलतो, दुसरा पुढे-मागे करतो. या दुसऱ्याला चाल मिळते ती वरच्या शाफ्टवर मध्य सोडून बसवलेल्या चकतीकडून. एक लांब दुबेळका काटा या चकतीला कवेत धरून असतो. आपण टाक्याचा खटका सरकवतो, तेव्हा त्या काट्याच्या डोलण्याला किती वाव द्यायचा एवढंच ठरवत असतो.

त्यांनी नवीन दात आणि नवीन प्लेट आणली. खालच्या दांड्याचा स्क्रू सैल करून दात खाचेच्या बरोबर मधोमध आणले, कारण दोन्ही टोकांची मोकळी जागा वापरल्याशिवाय कानस लावायची नाही हा त्यांचा नियम. त्यानंतर बारीक कानशीने खाचांची दोन्ही टोकं थोडी वाढवली आणि पॉलिश पेपरने इतकी गुळगुळीत केली, की बोटाला धार लागेना. मगच खटका मोकळा केला. पुन्हा कागद, पुन्हा अकरा भोकं: बावन्न मिलिमीटर. इंचाला सातच्या जागी पाच टाके.

दोन पदरी कापडावर सुरेख चाललं. गोधडी घातली आणि सुई मोडली. हे का झालं, ते समजल्यावर मला या यंत्राबद्दल नव्याने आदर वाटला. थर जाड असले की उतरती सुई प्लेटच्या बरीच वर असतानाच कापडात शिरते. त्या क्षणी दातांची चाल संपलेली नसते. आखूड टाक्यात उरलेली सरक इतकी थोडी असते, की सुई ती सोसते. लांब टाक्यात तीच सरक वाढते, कापड सुईला ओढतं, सुई वाकते आणि प्लेटवर आपटते. चामड्याच्या काही मशीनवर सुईच कापडाबरोबर पुढे चालते, त्यामुळे तिथे अशी ओढ बसत नाही. आमच्या मशीनवर वरच्या शाफ्टवरची ती चकती स्क्रूने आवळलेली निघाली. मिस्त्रींनी ती केसभर फिरवली, म्हणजे दातांचं काम सुई शिरण्याआधी उरकेल. अठरा नंबरची सुई लावली, पायाचा दाब वाढवला, वरच्या दोऱ्याचा ताण उतरवला.

त्या आठवड्यात मी आधीच्या गोधडीच्या मधल्या टिपा उसवल्या आणि लांब टाक्याने पुन्हा मारल्या. आता ती खांद्यावर टाकली की पडते तशी पडते. कडेला मात्र टाका मुद्दाम लहान ठेवला. गोधडी ओढली जाते ती कडेलाच, पाय अडकतो तो कडेलाच, आणि तिथे आखूड टीपच टिकते.