विजेच्या मनोऱ्यावरचं शेवाळ

श्रीलंका, टांझानिया, स्वीडन, चीनचा सिचुआन प्रांत. इतक्या दूरदूरच्या ठिकाणी विजेच्या मनोऱ्यांवर एकच नवल आढळलं आहे: पॉलिमरचे इन्सुलेटर चक्क हिरवे पडलेले! शेजारच्या तारेत हजारो व्होल्टचा दाब, आणि तिला मनोऱ्यापासून अलग ठेवणाऱ्या दांड्यावर शेवाळ सुखाने नांदतंय.

हा दांडा मोठा गुणी. आत काचतंतूंचा कणखर गाभा, वर सिलिकॉन रबराचं आवरण आणि त्यालाच फुटलेल्या छत्र्यांची रांग. छत्र्यांचं खरं काम वाट लांबवण्याचं. आपल्याकडच्या ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीवरचा असा इन्सुलेटर साडेतीन मीटरच्या आतबाहेर असतो. पण त्याच्या अंगावरून सरपटत जायचं तर विजेला सुमारे १३ मीटर कापावे लागतात.

ती वाट कोरडी राहते सिलिकॉनच्या स्वभावामुळे. अळवाच्या पानावरून घरंगळावं तसं पाणी त्यावरून थेंबाथेंबाने निघून जातं. वर धूळ किंवा मीठ साचलं, तर रबराच्या आतले लहान तेलकट रेणू हळूहळू पृष्ठभागाकडे येतात, त्या थरात मुरतात, आणि मग धूळसुद्धा पाणी झटकू लागते! निर्जीव वस्तूने स्वतःचं अंग असं सावरावं, याचं मला दरवेळी नवल वाटतं. उत्तर भारतात हिवाळ्यातल्या धुक्याने चिनी मातीच्या इन्सुलेटरांवरच्या वाहिन्या बंद पडायच्या; तिथे हे पॉलिमरचे इन्सुलेटर बसवले गेले ते याच गुणासाठी.

मग इथे शेवाळ रुजतं कसं? सिलिकॉन त्याचं अन्न नव्हेच. ऊन, हवेतला कार्बन डायऑक्साइड, धुळीतले क्षार आणि जराशी ओल एवढ्यावर त्याचं भागतं. वाऱ्याने आलेल्या पेशी धुळीत अडकतात आणि भोवती चिकट द्रव सोडतात. तो द्रव दव धरून ठेवतो. जे रबर पाण्याला थारा देत नाही, त्याच्यावर शेवाळ आपलं पाणी स्वतः राखून बसतं.

थर कोरडा असला तर फारसं बिघडत नाही. भिजला की मात्र त्यातून वीज झिरपू लागते. या गळतीच्या उष्णतेने मधेमधे कोरडे पट्टे पडतात, त्यांवरून ठिणग्या उडतात, रबर भाजतं. कधी ठिणगी पूर्ण लांबी ओलांडते आणि वाहिनी बंद पडते.

रबरातच शेवाळनाशक मिसळावं, हा उपाय सहज सुचतो, पण तो अवघड आहे. चटकन विरघळणारं रसायन पावसाने धुऊन जाईल, क्षारासारखं असेल तर गळतीच वाढवेल. स्टॉकहोमच्या केटीएच संस्थेतल्या चाचण्यांत आग रोखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या झिंक बोरेटने ही सजीव वाढही रोखलेली दिसली. ते पाण्यात फारच कमी विरघळतं, हे त्याचं बलस्थान. तरीही अशा प्रत्येक मिश्रणाची ताकद, ठिणग्या सोसण्याची क्षमता आणि पाणी झटकण्याचा गुण पुन्हा तपासावाच लागतो.

जे इन्सुलेटर आधीच तारांवर आहेत, त्यांच्यासाठी वाहिनी बंद ठेवून थर पुसून काढणं हा एक मार्ग. शेवाळ निघालं की आतले तेलकट रेणू पुन्हा वर येतात आणि रबर पुन्हा पाणी झटकू लागतं. म्हणून कोकणासारख्या दमट, झाडीच्या भागांत पाहणी करताना तडे आणि गंजाबरोबर हिरव्या रंगाचीही नोंद व्हावी, आणि नवीन इन्सुलेटर घेताना शेवाळाची चाचणी मागितली जावी.