मान वळवणारे हेडलाइट

एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रातली रात्रीची पाळी सुटली, की कोणी स्कूटरवर निघतो, कोणी मोटारीने. चेतकसारख्या जुन्या स्कूटरचा दिवा हँडलवरच बसवलेला असतो. हँडल वळलं की उजेडही त्याच्याबरोबर वळतो. मोटारीचं तसं नाही. तिचे दिवे अंगाला घट्ट जखडलेले. चाकं डावीकडे वळली तरी दिवे आपले नाकासमोर बघत राहतात, आणि जिथे गाडी जायचीच नाही तिथला ऊस, बांध किंवा दरीवरचा अंधार उजळत बसतात.

हे किती महागात पडतं, ते थोड्या गणितानं कळतं. कसारा घाटात किंवा सप्तशृंगीगडाच्या रस्त्यावर 50 मीटर त्रिज्येचं एखादं वळण धरू. गाडीचा वेग ताशी 36 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 10 मीटर. तीन सेकंदांनी गाडी जिथे पोहोचणार, ती जागा सरळ रेषेपासून जवळपास 9 मीटर बाजूला असते. दुपदरी रस्त्याची रुंदीच साधारण 7 मीटर. म्हणजे दिव्यांचा झोत रस्ता सोडून केव्हाच बाहेर गेलेला असतो, आणि बिनदिव्याची बैलगाडी नेमकी अंधाऱ्या भागात उभी असते.

यावर आपल्याकडचा लाडका उपाय म्हणजे बंपरवर पांढऱ्या एलईडीची पट्टी ठोकणं. समोरच्याचे डोळे दिपतात आणि वळणापलीकडचा अंधार जिथल्या तिथे राहतो. उजेड कमी पडतो हे दुखणंच नाही. तो चुकीच्या जागी पडतो, हे दुखणं आहे.

मोटार बनवणाऱ्यांना हे फार आधी उमगलं होतं. अमेरिकेत प्रेस्टन टकर यांनी 1948 साली काढलेल्या गाडीला तीन हेडलाइट होते. स्टिअरिंग 10 अंशांहून अधिक फिरलं की मधला दिवा त्या दिशेला वळे. अशा जेमतेम 51 गाड्या झाल्या आणि कंपनी बुडाली. पुढे 1967 मध्ये फ्रान्सच्या सिट्रोएन कंपनीने आपल्या डीएस गाडीला काचेच्या आवरणाआड दोन-दोन दिवे दिले. त्यातले आतले दिवे स्टिअरिंगला यांत्रिक जोडणीने बांधलेले होते. ना संगणक, ना सेन्सर. ड्रायव्हर वळला की दिवे वळत. अमेरिकेच्या नियमांत मात्र हे बसेना, त्यामुळे तिथे विकलेल्या डीएसला साधे, न वळणारे दिवे लावावे लागले.

युरोपात ही कल्पना पुन्हा रुजायला नवं शतक उजाडावं लागलं. आता स्टिअरिंगचा कोन, गाडीचा वेग आणि ती स्वतःभोवती किती वळते आहे, हे सेन्सर मोजतात आणि छोटी विजेची मोटर दिव्याला साधारण 15 अंशांपर्यंत फिरवते. अमेरिकेच्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने केलेल्या चाचणीत, असे दिवे असलेल्या चालकांना वळणावरची न चमकणारी वस्तू सेकंदाच्या एक तृतीयांश वेळ आधी दिसली. ताशी 48 किलोमीटर वेगाला हे अंतर साडेचार मीटर भरतं. बैलगाडीला धडकणं आणि तिच्यामागे थांबणं यांत कधीकधी एवढाच फरक असतो.

आता तर दिवा हलायचीही गरज उरलेली नाही. ऑडीने 2013 च्या अखेरीस ए8 गाडीच्या प्रत्येक हेडलाइटमध्ये अप्परसाठी 25 छोटे एलईडी बसवले. त्यातला कोणता लावायचा, कोणता विझवायचा, हे संगणक ठरवतो. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांपुरता अंधार आणि बाकी सगळीकडे लख्ख!

पण हे झालं श्रीमंतांच्या गाड्यांचं. नाशिककरांना जवळची गोष्ट सातपूरची आहे. महिंद्रची स्कॉर्पिओ 2002 मध्ये आली ती तिथल्याच कारखान्यातून. सप्टेंबर 2014 मध्ये तिचं नवं रूप बाजारात आलं, तेव्हा वरच्या मॉडेलांना 'स्टॅटिक बेंडिंग' हेडलाइट मिळाले. नावात बेंडिंग असलं तरी यात काहीच वाकत नाही. मुख्य दिवा जागचा हलत नाही. गाडी वळू लागली की त्या बाजूचा जास्तीचा दिवा पेटतो आणि कोपरा उजळतो. फिरणारे भाग नाहीत, त्यामुळे खर्च कमी, बिघाडही कमी. घाटातलं अवघड वळण, गल्लीचं तोंड, शेताकडे वळणारी वाट, अशा संथ वेगाच्या जागी ही साधी युक्ती महागड्या यंत्रणेइतकीच उपयोगी पडते. काही गाड्यांत हेच काम फॉग लॅम्पकडून करून घेतलेलं असतं.

या सगळ्यांची एक मर्यादा मात्र सारखीच. उजेड स्टिअरिंगच्या मागून येतो. ड्रायव्हरने चाक फिरवल्याशिवाय दिव्याला वळणाचा पत्ता नसतो. काही महागड्या गाड्या नकाशावरून वळण आधीच ओळखतात, पण बाकीच्यांना वळणाच्या तोंडाशी वेग आवरावाच लागतो.

जुनी गाडी विकत घेताना ही सोय चालू आहे का, ते घरच्या घरी पाहता येतं. रात्री मोकळ्या जागी भिंतीसमोर हेडलाइट लावून गाडी अगदी सावकाश हलवा आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघा. काही गाड्यांत हा दिवा उभ्या गाडीत लागतच नाही, म्हणून चाकं हलती हवीत. दोन्ही बाजूंचा कोपरा उजळला नाही, तर आधी बल्ब आणि फ्यूज तपासून घ्या.