भाषा एक, घोटाळे अनेक

इंग्रज, अमेरिकन, ऑस्ट्रेलियन – सगळेच इंग्रजी बोलतात. मग त्यांचे आपसात पटकन जमत असेल, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात मात्र एकाच शब्दाने कधी हसे होते, कधी अपमान होतो, तर कधी माणसे जिवाला मुकतात.

एप्रिल १९५१. कोरियातील युद्ध ऐन भरात होते. इम्जिन नदीच्या काठी ठाण मांडून बसलेल्या ब्रिटिश ब्रिगेडवर चिनी फौजा रात्रीच्या अंधारात तुटून पडल्या. या ब्रिगेडमधील ग्लॉस्टरशायर रेजिमेंटची एक बटालियन टेकडीवर चहूबाजूंनी वेढली गेली. दारूगोळा संपत आला होता. सोडवायला निघालेले रणगाडे वाटेतच अडले होते.

ब्रिगेडचे प्रमुख टॉम ब्रॉडी हे इंग्रज होते आणि त्यांचे वरिष्ठ, मेजर जनरल रॉबर्ट सोल, हे अमेरिकन. सोल यांनी परिस्थितीची चौकशी केली तेव्हा ब्रॉडी म्हणाले, ''थिंग्ज आर अ बिट स्टिकी, सर.'' म्हणजे, जरा अडचणीचे झाले आहे, साहेब.

एखाद्या इंग्रज वरिष्ठाने हे ऐकले असते तर तो ताडकन उभा राहिला असता. इंग्रज अधिकारी 'जरा अडचणीचे' म्हणतो तेव्हा आता काही खरे नाही, असेच त्याला सांगायचे असते. पण अमेरिकन सेनापतीने शब्द जसे ऐकले तसेच घेतले. थोडा त्रास आहे, पण निभावून नेतील! बटालियनला जागेवरच टिकून राहायला सांगण्यात आले. निघून येण्याची परवानगी मिळाली तोवर फार उशीर झाला होता. पाचशेहून अधिक सैनिक चिन्यांच्या कैदेत गेले. वेढा फोडून आपल्या फौजेपर्यंत परत पोहोचले ते चाळीसच्या आसपास.

सारे काही त्या एका वाक्यामुळे घडले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. चिनी सैन्य संख्येने कितीतरी पटींनी जास्त होते. पण एकाच बाजूने लढणाऱ्या, एकच भाषा बोलणाऱ्या दोन अधिकाऱ्यांना एकमेकांचे म्हणणे कळले नाही, हे तर खरेच. त्यांच्यापैकी एक जण फ्रेंच किंवा तुर्की असता तर मधे दुभाष्या आला असता आणि त्याने दहा वेळा विचारून खात्री करून घेतली असती. इथे विचारण्याची गरजच कुणाला वाटली नाही.

हे आपल्याला समजायला कठीण नाही. मुलीला पाहून गेलेल्या मंडळींकडून 'बघू, कळवतो' असा निरोप आला की घरातल्या आजीलासुद्धा कळते, नकार आहे. परक्या माणसाला मात्र वाटेल, चार दिवसांनी पत्र येईल. इंग्रजांचे 'नॉट बॅड' म्हणजे बहुतेक वेळा मनापासून केलेले कौतुक असते. त्यांचे 'क्वाइट गुड' मात्र 'ठीक आहे, बरे आहे' इतकेच. अमेरिकेत 'क्वाइट गुड' म्हणजे खरोखरच छान. इंग्रज प्राध्यापकाने शिफारसपत्रात हा शब्द लिहिला आणि ते पत्र अमेरिकेत गेले, तर विद्यार्थ्याचे नशीब फळफळते. उलट दिशेने गेले तर बिचारा मागे पडतो.

टेबलावरून भांडण

असाच एक वाद दुसऱ्या महायुद्धात झाला. पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर डिसेंबर १९४१ मध्ये चर्चिल आपल्या सेनाधिकाऱ्यांसह वॉशिंग्टनला गेले. तिथल्या बैठकीत ब्रिटिशांनी एक कागद पुढे केला आणि तो 'टेबल' करू या म्हणाले. अमेरिकनांनी जोरदार विरोध केला. बराच वेळ वादावादी झाली, आवाज चढले आणि शेवटी लक्षात आले की दोन्ही बाजूंना एकच गोष्ट हवी आहे! ब्रिटनमध्ये 'टेबल करणे' म्हणजे विषय लगेच चर्चेला घेणे. अमेरिकेत त्याचा अर्थ विषय बाजूला ठेवून देणे. हा किस्सा खुद्द चर्चिल यांनीच आपल्या आठवणींत लिहून ठेवला आहे.

वर्षभरातच अमेरिकन सैनिक मोठ्या संख्येने ब्रिटनमध्ये येऊ लागले. जून १९४४ पर्यंत त्यांची संख्या पंधरा लाखांच्या घरात गेली होती. त्यांच्यासाठी अमेरिकेच्या युद्ध खात्याने १९४२ मध्ये एक छोटी पुस्तिका काढली होती. युद्ध खाते म्हटल्यावर बंदुका आणि नकाशे डोळ्यांपुढे येतात, पण ही पुस्तिका एखाद्या समजूतदार आईने परगावी निघालेल्या मुलाला सांगावे तशी आहे. पगाराची फुशारकी मारू नका, कारण इंग्रज सैनिकाला तुमच्यापेक्षा बराच कमी पगार मिळतो. त्यांच्या राजावर टीका करू नका. गाडीत शेजारचा माणूस बोलला नाही तर त्याला शिष्ट समजू नका. स्त्रिया असतील तिथे 'ब्लडी' हा शब्द तोंडातून काढू नका. 'मी अगदी बम दिसतोय' असे तर मुळीच म्हणू नका. अमेरिकेत 'बम' म्हणजे भणंग माणूस; इंग्लंडमध्ये बसण्याचा अवयव!

त्यातली एक सूचना तर आजही मनाला भिडते. कुणा इंग्रज कुटुंबाने जेवायला बोलावले तर पोटभर खाऊ नका, असे त्यात बजावले होते. यजमान आग्रह करतील, पण तुमच्या ताटात वाढलेले कदाचित त्या घराचे आठवड्याचे रेशन असेल. आग्रहामागची ओढाताण पाहुण्याने न सांगता ओळखायची, हे आपल्याकडच्या गृहिणींना समजावून सांगायला नको.

युद्ध संपल्यावर वारे उलटे वाहिले. अमेरिकन सैनिकांशी लग्न केलेल्या सुमारे सत्तर हजार ब्रिटिश मुली सासरी निघाल्या. फेब्रुवारी १९४६ मध्ये 'अर्जेंटिना' नावाच्या जहाजातून त्यांची एक मोठी तुकडी न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरली. भाषा येत होती, म्हणून कुणी त्यांना काही शिकवले नसेल तर नवल नाही. पण सासरच्या स्वयंपाकघरात 'बिस्किट' मागितले की मऊ, गरम पावासारखा पदार्थ पुढे यायचा. 'जेली' म्हणजे चक्क जॅम. बाळाच्या लंगोटाला माहेरी 'नॅपी' म्हणत, सासरी 'डायपर'. आणि ''सकाळी लवकर मला नॉक अप करा,'' असे कुणी सासऱ्यांना सांगितले तर? इंग्लंडमध्ये त्याचा अर्थ दार वाजवून उठवणे. अमेरिकेत मात्र या शब्दांचा संबंध थेट दिवस जाण्याशी! नव्या सुनेने असे बोलणे टाळलेलेच बरे.

रिकामी प्लेट आणि भरलेले ताट

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे निमंत्रणात 'ब्रिंग अ प्लेट' असे लिहिलेले असते. बाहेरून आलेल्या कितीतरी नवख्या माणसांनी आज्ञाधारकपणे घरातली रिकामी प्लेट नेली आणि दारात ओशाळून उभे राहिले. यजमानांकडे भांडी कमी असतील, अशी त्यांची समजूत! खरे तर प्लेट न्यायची ती खाद्यपदार्थाने भरून, सगळ्यांनी मिळून खायला. आपल्याकडे महिला मंडळात प्रत्येकीने एकेक पदार्थ आणायचा ठरते, तसेच ते.

'टी'चेही तेच. उत्तर इंग्लंडमध्ये आणि या दोन देशांमध्ये बऱ्याच घरांत 'टी' म्हणजे संध्याकाळचे जेवण. चहाला बोलावले आहे, असे समजून घरून जेवून गेलेल्या पाहुण्यासमोर भरलेले ताट येते आणि नाही म्हणणेही जड जाते.

ऑस्ट्रेलियात साहेबालाही नावाने हाक मारतात. एकटा प्रवासी टॅक्सीत पुढे, चालकाशेजारी बसतो, अशी तिथली जुनी रीत. मागे बसले की तो स्वतःला मोठा समजतो, असे चालकाला वाटू शकते. चेष्टामस्करी केली म्हणजे माणूस आपला मानला. लंडनमध्ये वाढलेल्या माणसाला ही सलगी आगाऊपणाची वाटते आणि ऑस्ट्रेलियन माणसाला लंडनकराचा संकोच म्हणजे गर्व.

अमेरिकन सैनिकांना ज्या 'ब्लडी'पासून सावध केले होते, तो शब्द तर ऑस्ट्रेलियाने आपल्या पर्यटनाच्या जाहिरातीतच घातला. २००६ सालची ही गोष्ट. ब्रिटनमध्ये त्या जाहिरातीला दूरचित्रवाणीवर बंदी झाली आणि ती उठवून घ्यायला ऑस्ट्रेलियाच्या पर्यटनमंत्र्यांना लंडनला धाव घ्यावी लागली. बंदी उठली. फुकटची प्रसिद्धी मिळाली ती वेगळीच.

शब्दच कशाला, दोन बोटेही पुरतात. जानेवारी १९९२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर होते. राजधानी कॅनबेरात मोटारीतून जाताना त्यांनी निदर्शने करणाऱ्या शेतकऱ्यांना दोन बोटांची 'व्ही' खूण केली. हेतू स्नेहाचा होता, पण हाताची मागची बाजू लोकांकडे राहिली. ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमध्ये तशी खूण म्हणजे अश्लील शिवी.

आपली 'होमली' मुलगी

या सगळ्यावर हसताना आपली इंग्रजी विसरून चालणार नाही. आपल्या विवाहविषयक जाहिरातींमध्ये 'होमली' हा शब्द वर्षानुवर्षे मानाने मिरवला. घर सांभाळणारी, माणसांत रमणारी मुलगी, असे आईवडिलांना त्यातून सांगायचे असते. इंग्रजांच्या लेखी 'होमली' म्हणजे साधे, घरगुती. पण अमेरिकेत हा शब्द दिसायला सामान्य, किंबहुना कुरूप अशा व्यक्तीसाठी वापरतात. मुलगी 'सुंदर आणि होमली' आहे, असे वाचून तिथे वाढलेला मुलगा बुचकळ्यात पडला, तर त्याचा काय दोष?

तोच प्रकार 'पास आउट'चा. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत छात्रांचे 'पासिंग आउट परेड' होते. ब्रिटिश लष्करातून आलेला हा शब्द आपण सरसकट कॉलेजलाही लावला. ''मी २०१५ मध्ये पास आउट झालो,'' असे मुलाखतीत सांगितले की अमेरिकन अधिकाऱ्याला वाटते, हा त्या वर्षी बेशुद्ध पडला होता. निदान यावर हसून तरी घेता येते. ''आय हॅव अ डाउट'' मात्र मनात अढी निर्माण करते. आपल्याला शंका विचारायची असते, वर्गात विचारतो तशी. समोरच्या अमेरिकन साहेबाला ऐकू येते की या मुलाचा माझ्या बोलण्यावर विश्वास नाही. आणि मग आपल्या हुशार मुलाला कळत नाही की साहेब अचानक तुटक का वागू लागले.

औषध आणि स्वयंपाकघर

मुलीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी परदेशी जाणाऱ्या आईवडिलांना तर हे फरक पावलोपावली भेटतात. अमेरिकेत 'फर्स्ट फ्लोअर' म्हणजे तळमजला. तारखेत आधी महिना, मग दिवस. त्यामुळे ४/७ म्हणजे चार जुलै नव्हे, सात एप्रिल. ब्रिटनमध्ये फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यालाच 'सर्जरी' म्हणतात. ''चारला सर्जरीत जायचे आहे,'' असे मुलीने फोनवर सांगितले म्हणून इकडे देव पाण्यात ठेवण्याचे कारण नाही.

एका बाबतीत मात्र खरोखर सावध राहायला हवे. आपण ज्याला पॅरासिटामॉल म्हणतो, त्या औषधाला अमेरिकेत आणि कॅनडात 'ॲसिटामिनोफेन' म्हणतात. क्रोसिन आणि तिकडची टायलेनॉल या दोन्हींत औषध तेच. ताप उतरत नाही म्हणून सोबत नेलेली क्रोसिन घेतली आणि वर मुलीने टायलेनॉल दिली, तर एकाच औषधाची दुप्पट मात्रा पोटात जाते. प्रमाणाबाहेर गेले तर हे औषध यकृताला गंभीर इजा करते. सर्दीच्या तयार गोळ्यांतही ते अनेकदा असते. पाकिटावरचे बारीक अक्षर चष्मा लावून वाचावे आणि सोबत आणलेली औषधे तिथल्या औषधविक्रेत्याला दाखवावीत.

चमच्याची गंमतही ऐकण्यासारखी आहे. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये टेबलस्पून पंधरा मिलिलिटरचा, म्हणजे तीन छोटे चमचे. ऑस्ट्रेलियात तो वीस मिलिलिटरचा, चार छोट्या चमच्यांचा. सिडनीहून आणलेला मोजमापाचा चमचा आणि अमेरिकन पाककृती यांची जोडी जमवली की बेकिंग पावडर जास्त पडते आणि केक बिघडतो.

आणि मंचुरियन करायचे असेल तर अमेरिकेतल्या दुकानात 'कॉर्नफ्लोअर' मागू नये. आपण आणि इंग्रज ज्याला कॉर्नफ्लोअर म्हणतो, ते मक्याचे पांढरे सत्त्व तिथे 'कॉर्नस्टार्च' या नावाने मिळते. 'कॉर्न फ्लोअर' म्हणून हातात पडते ते सबंध मका दळून केलेले पीठ. ते ग्रेव्हीत घातले तर ती कणीदार होते, मक्याचा वास येतो आणि हवा तसा दाटपणा काही येत नाही. त्या पिठाच्या भाकरी मात्र चांगल्या होतात.