इंधन गोठ्यात, खत शेतात

सिलिंडर वेळेवर न आल्यास जळगाव-धुळे परिसरातील ग्रामीण गृहिणीला पुन्हा पऱ्हाट्या व गोवऱ्यांच्या धुराकडे वळावे लागते. गोवरी जळते तेव्हा शेताचे खतही जळते. गोबर गॅसमध्ये मात्र इंधन मिळून खत शिल्लक राहते. याच हेतूने १९८१-८२ मध्ये राष्ट्रीय बायोगॅस विकास प्रकल्प सुरू झाला.

दोन घनमीटरच्या संयंत्रास चार-पाच जनावरांचे सुमारे ५० किलो शेण व तितकेच पाणी रोज लागते. पुरेसे शेण मिळाल्यास महिन्याकाठी १४.२ किलोच्या सुमारे दीड सिलिंडरइतके इंधन मिळते. थंडीत वायू घटतो. म्हणून संयंत्र उन्हात, गोठ्याजवळ, परंतु विहिरीपासून दूर बांधावे. बाहेर पडणारी मळी केळी-कपाशीस उपयुक्त ठरते. गावातील बंद संयंत्रांची दुरुस्ती ग्रामपंचायतींनी प्रथम हाती घ्यावी.