विश्लेषण : फोन आणि टॉवरमधल्या संकेतांना पेटंट मिळते का?

कळमेश्वरहून तुम्ही व्हिडीओ पाठवता, तेव्हा फोन टॉवरला एक आधीच ठरलेला संकेतही पाठवतो. हा ‘साउंडिंग रेफरन्स सिग्नल’. तो किती बदलून पोहोचला, यावरून टॉवर रेडिओमार्ग जोखतो. तो कोणत्या अँटेना पोर्टवरून पाठवायचा, हे टॉवरच फोनला कळवतो.

कळवण्याच्या अशा पद्धतीवर पेटंट मागितले, तर परीक्षक तिचे नावीन्य, कल्पकता आणि औद्योगिक उपयोग तपासतात. अडसर असतो पेटंट कायद्याच्या कलम ३(के)चा : निव्वळ गणिती पद्धत वा अल्गोरिदमला पेटंट नाही. म्हणून नेटवर्कला नेमका कोणता तांत्रिक फायदा होतो, हे दाखवावे लागते.

परीक्षकांचे प्रशिक्षण नागपुरातच, राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्थेत होते. तपासणी चोख हवी; कारण पेटंटची मुदत २० वर्षे असते आणि त्याची रॉयल्टी तुमच्या फोनच्या किमतीत येऊ शकते.